विश्लेषण : बोटांचा रक्तप्रवाह वाचवण्यासाठी मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया का करतात? ही कल्पना मांडणारे रेने लरीश कोण होते?

थंडीच्या दिवसांत किंवा फ्रिजमधली बाटली हातात घेतली की काही जणांची बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकू लागतात. बहुतेकांच्या बाबतीत हा त्रास तेवढ्यापुरताच असतो. पण काही रुग्णांमध्ये बोटांच्या टोकांना न भरणाऱ्या जखमा होतात, बोट काळे पडते आणि ते कापण्याची वेळ येते. अशा वेळी सर्जन कधी कधी रक्तवाहिनीभोवतीचे बारीक मज्जातंतू काढून टाकतात. दुखणे रक्तपुरवठ्याचे आणि शस्त्रक्रिया मज्जातंतूंवर, हे ऐकायला विचित्र वाटते. या विचाराला शंभर वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेचे रूप देऊन जगभर पोहोचवणारे सर्जन म्हणजे फ्रान्सचे रेने लरीश (१८७९-१९५५). त्यांची मूळ शस्त्रक्रिया बऱ्याच अंशी अपयशी ठरली. तरीही आजच्या रक्तवाहिनी शस्त्रक्रियेचा इतिहास त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. असे का, ते समजून घेऊ.

बोटे पांढरी का पडतात?

आपल्या धमन्या म्हणजे लोखंडी पाइप नव्हेत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. हे स्नायू आवळले की धमनी अरुंद होते, सैल पडले की रुंद होते. आवळण्याचा हुकूम सिम्पॅथेटिक मज्जासंस्थेकडून येतो. ही यंत्रणा आपल्या इच्छेवर चालत नाही. थंडी वाजली की ती हातापायांच्या टोकांकडचा रक्तप्रवाह कमी करते आणि हृदय, मेंदू, यकृत अशा आतल्या अवयवांची ऊब राखते. मनावर ताण आला तरी हेच घडते.

यातले गणित अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या २० टक्क्यांनी घटली, तर प्रवाह जवळपास ४१ टक्क्यांवर येतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर. रक्त हा पाण्यासारखा साधा द्रव नाही, त्यामुळे आकडे शरीरात तंतोतंत लागू पडत नाहीत. पण बोटातल्या बारीक धमनीची थोडीशी आवळणूकही किती महागात पडू शकते, याचा अंदाज त्यावरून येतो. याच गणिताची दुसरी बाजू अशी की, धमनी किंचित रुंद करता आली तरी बोटाला मिळणारे रक्त बरेच वाढते. लरीश यांची सारी धडपड या दुसऱ्या बाजूसाठी होती.

या आजाराला रेनो हे नाव कसे पडले?

मोरिस रेनो हे पॅरिसचे डॉक्टर. त्यांचा जन्म १८३४ चा. १८६२ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवीसाठी प्रबंध सादर केला. हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा अचानक थांबणे आणि दोन्ही बाजूंना सारखेच होणारे गँगरीन, हा त्याचा विषय. त्यात २५ रुग्णांच्या नोंदी होत्या. यातल्या अनेकांच्या मोठ्या धमन्यांत अडथळा सापडत नव्हता, मनगटाची नाडीही लागत होती. मग बोटे का मरतात? धमन्या आकसल्यामुळे, आणि त्यामागे मज्जासंस्थेची अतिरिक्त उत्तेजना आहे, असा निष्कर्ष रेनो यांनी काढला.

त्यांना आधार होता क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगांचा. बेर्नार यांनी १८५१ मध्ये सशाच्या मानेतला सिम्पॅथेटिक मज्जातंतू कापला होता. त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. मज्जातंतू रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवतात, हे त्यातून पुढे स्पष्ट होत गेले. रेनो यांनी १८७४ मध्ये पुन्हा या विषयावर लिहिले आणि पाठीच्या कण्यावर सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याचा उपाय करून पाहिला. शस्त्रक्रियेचा विचार त्यांच्या काळात शक्य नव्हता. १८८१ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४६ वर्षांचे होते. आपल्याकडचे डॉक्टर इंग्रजी उच्चाराप्रमाणे या आजाराला ‘रेनॉड्स’ म्हणतात.

लरीश शस्त्रक्रियेकडे कसे वळले?

रेने लरीश यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८७९ रोजी रोआन या गावी झाला. लियाँ शहराच्या वायव्येला असलेले हे कापड गिरण्यांचे गाव. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लियाँला आले. त्या काळी लियाँ हे शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र होते. तिथेच त्यांची मैत्री झाली आलेक्सी कारेल यांच्याशी. कारेल यांनी १९०२ मध्ये रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन मित्र एकाच प्रश्नाकडे दोन दिशांनी पाहत होते. कारेल यांना धमनी जोडायची होती. लरीश यांचे लक्ष धमनीला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंकडे गेले.

त्यामागे लियाँचेच आणखी एक सर्जन होते, मात्यू जाबुले. त्यांनी १८९९ मध्ये मांडीतल्या मुख्य धमनीभोवतीचे मज्जातंतू सोलून काढले होते. तळपायाची न भरणारी जखम बरी व्हावी, हा हेतू. कल्पना पुढे फारशी गेली नाही. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये मेलँ येथे झालेल्या रेल्वे अपघातात जाबुले यांचा मृत्यू झाला. हा अर्धवट राहिलेला धागा त्यांचे शिष्य लरीश यांनी उचलला.

त्याच वर्षी लरीश अमेरिकेत जाऊन आले. बाल्टिमोरला त्यांनी विल्यम हॉलस्टेड यांना शस्त्रक्रिया करताना पाहिले. त्या काळी सर्जनची कीर्ती हात किती झपाट्याने चालतो यावर ठरत असे. हॉलस्टेड उलट संथपणे काम करत, प्रत्येक लहान रक्तस्राव थांबवत आणि ऊतींना हळुवार हाताळत. लरीश यांच्यावर या पद्धतीचा खोल परिणाम झाला. केसासारख्या मज्जातंतूंवर काम करायचे तर घाई चालणार नव्हती.

पहिल्या महायुद्धाने काय बदलले?

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि लष्करी रुग्णालये जखमींनी भरली. त्यांत काही सैनिकांचे दुखणे डॉक्टरांना चक्रावून टाकणारे होते. गोळी लागून गेलेली, जखम भरलेली, पण हातात सतत आग होत राहायची. कोणी पलंगाला धक्का दिला, दार आपटले, वाऱ्याची झुळूक लागली तरी वेदना असह्य व्हायच्या. अमेरिकी यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल यांनी या त्रासाचे वर्णन करून ठेवले होते. त्याला ‘कॉझाल्जिया’ म्हणत.

अशा रुग्णांच्या हाताचा रंग, तापमान आणि घामही बदललेला असे. ही सगळी कामे सिम्पॅथेटिक मज्जासंस्थेची. तेव्हा वेदनेचे मूळही तिथेच असावे, असा तर्क लरीश यांनी केला. त्यांनी दंडातली मुख्य धमनी उघडी केली आणि तिच्या बाहेरच्या आवरणाचा काही सेंटीमीटर लांबीचा पट्टा, त्यात गुंतलेल्या मज्जातंतूंसह सोलून काढला. वेदना कमी झाली. १९१६ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सोललेली धमनी आधी आकसून दोरीसारखी बारीक होई. पण काही तासांनी हात गरम होई, बोटांत रक्त वाढे आणि हा परिणाम काही दिवस, काही आठवडे टिके. वेदनेसाठी केलेली शस्त्रक्रिया रक्तप्रवाहासाठीही वापरता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. रेनोचा आजार, न भरणाऱ्या जखमा, गँगरीनची सुरुवात अशा रुग्णांवर ती होऊ लागली. तिला ‘पेरिआर्टेरियल सिम्पॅथेक्टॉमी’ असे नाव मिळाले. धमनीभोवतीचे सिम्पॅथेटिक मज्जातंतू काढणे, असा त्याचा साधा अर्थ.

ही शस्त्रक्रिया अपुरी का पडली?

१९२० च्या दशकात ही शस्त्रक्रिया युरोप-अमेरिकेत पसरली. सुरुवातीचे निकाल आशादायक होते. पण अनेक रुग्णांची बोटे काही काळाने पुन्हा थंड पडू लागली. चूक सर्जनच्या हातात नव्हती, शरीररचनेच्या समजुतीत होती.

दंडातल्या धमनीभोवतीचे मज्जातंतू तिच्यासोबत थेट बोटांपर्यंत उतरतात, असे गृहीत धरले होते. म्हणजे वरच्या टोकाला तार कापली की खालचा सगळा भाग सुटला. प्रत्यक्षात तसे नाही. हे मज्जातंतू हाताच्या मोठ्या मज्जातंतूंबरोबर खाली उतरतात आणि वाटेत ठिकठिकाणी फुटून धमनीला मिळतात. त्यामुळे दंडात एका जागी धमनी सोलली, तरी खाली मनगटात, तळहातात, बोटात नवे धागे येऊन मिळतातच. इमारतीच्या तळमजल्यावरची एक वायर काढली, पण प्रत्येक मजल्याला स्वतंत्र जोडणी आहे, असा हा प्रकार होता.

मग सर्जन आणखी वर गेले. मानेच्या खालच्या आणि छातीच्या वरच्या भागात मणक्यांच्या बाजूला सिम्पॅथेटिक मज्जातंतूंच्या गाठींची साखळी असते. हाताकडे जाणारे सगळे हुकूम तिथून जातात. ती साखळीच तोडली तर? अमेरिकेत मेयो क्लिनिकचे आल्फ्रेड अ‍ॅडसन आणि जॉर्ज ब्राउन यांनी १९२० च्या दशकात या दिशेने काम केले. लरीश आणि त्यांचे सहकारीही हेच करत होते. पायांच्या बाबतीत निकाल बरे टिकले. हातांच्या बाबतीत मात्र त्रास परतत राहिला. शिवाय मानेजवळची गाठ काढली की त्या बाजूची पापणी लोंबे आणि डोळ्याची बाहुली लहान होई.

लंडनचे थॉमस लुइस यांनी १९२९ मध्ये थेट मूळ सिद्धान्तालाच आव्हान दिले. बोटाच्या मुळाशी भूल देऊन मज्जातंतू बंद केले, तरी गारठ्याने आलेला झटका सुटत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणजे बिघाड हुकूम देणाऱ्या मज्जातंतूत नसून, हुकूम पाळणाऱ्या बोटातल्या धमनीतच आहे. रेनो आणि लरीश एका बाजूला, लुइस दुसऱ्या बाजूला, असा हा वाद बराच काळ चालला. आजची समजूत दोन्हींना जागा देते. धमनी मुळातच थंडीला जास्त संवेदनशील असते आणि मज्जातंतूंचा हुकूम त्यात भर घालतो. आजार जुना झाला की धमनीचे अस्तर जाड होते, मग कुठलाही मज्जातंतू कापून ती पुरेशी उघडत नाही.

स्ट्रासबर्गची वर्षे महत्त्वाची का मानतात?

१९२४ मध्ये लरीश स्ट्रासबर्ग विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धानंतर हे शहर जर्मनीकडून पुन्हा फ्रान्सकडे आले होते. तिथे त्यांनी उभा केलेला विभाग पाहायला देशोदेशीचे तरुण सर्जन येऊ लागले. १९३० च्या दशकात अमेरिकेहून आलेला एक तरुण होता मायकेल डिबेकी, जो पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध हृदयशल्यविशारदांपैकी एक झाला. पोर्तुगालहून जुआव सिद दुश सांतुश आले. रेने फोंतेन हे तर लरीश यांचे निकटचे सहकारी. पायांच्या रक्तपुरवठ्याचा आजार किती गंभीर आहे हे मोजण्यासाठी डॉक्टर आजही ‘फोंतेन श्रेणी’ वापरतात.

मज्जातंतू कापण्याआधी ते तात्पुरते बधिर करून पाहावेत, ही पद्धत या विभागात रुळली. मानेच्या खालच्या भागातील गाठीजवळ नोव्होकेनचे इंजेक्शन द्यायचे. हात गरम झाला, वेदना थांबली, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता. नाही झाला, तर रुग्णाची कापाकापी वाचली. कित्येकदा नुसत्या इंजेक्शनांनीच भागे. लरीश तर मुरगळलेल्या घोट्यातही नोव्होकेन टोचत. वेदनेचे चक्र एकदा तुटले की सूज आणि रक्तप्रवाहाचा गोंधळ आपोआप निवळतो, असे त्यांचे मत होते. मानेतले हे इंजेक्शन आजही पेन क्लिनिकमध्ये दिले जाते.

वेदनेबद्दल त्यांचे म्हणणे त्या काळाच्या विरुद्ध होते. वेदना ही शरीराने दिलेली उपयुक्त सूचना असते, असे तेव्हा मानले जाई. लरीश यांनी युद्धात आणि वॉर्डात जे पाहिले ते वेगळे होते. कर्करोगात वेदना येते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि भरलेल्या जखमेतली आग कशाचीच सूचना देत नाही. दीर्घकाळची वेदना हाच एक आजार आहे आणि तिच्यावर उपचार झाले पाहिजेत, असे त्यांनी मांडले. १९३७ मध्ये वेदनेच्या शस्त्रक्रियेवरचे त्यांचे पुस्तक आले. त्याच वर्षी पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांची नेमणूक झाली. टायफसवरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारे शार्ल निकोल यांच्या निधनाने ते पद रिकामे झाले होते. सशाचा कान गरम करून दाखवणारे क्लोद बेर्नार कधी काळी याच पदावर होते. १९३९ मध्ये लरीश यांना शस्त्रक्रिया क्षेत्रातले मानाचे लिस्टर पदक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धातली त्यांची भूमिका वादग्रस्त का?

१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि मार्शल पेतँ यांचे व्हिशी सरकार आले. त्या सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये डॉक्टरांच्या संघटना बरखास्त करून सरकारी वैद्यक परिषद स्थापन केली. तिच्या सर्वोच्च मंडळाचे अध्यक्षपद लरीश यांनी स्वीकारले. १९४२ पर्यंत ते या पदावर होते.

याच काळात व्हिशी सरकारने परदेशी वंशाच्या आणि ज्यू डॉक्टरांना व्यवसायातून दूर करणारे कायदे केले. ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने ज्यू डॉक्टरांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले. या नियमांच्या अंमलबजावणीत वैद्यक परिषद हे सरकारचे साधन होते. ज्यांनी आयुष्यभर रुग्णाच्या वेदनेची बाजू मांडली, त्यांचे नाव सहकाऱ्यांची रोजीरोटी हिरावणाऱ्या व्यवस्थेच्या शिखरावर आहे. त्यांच्या शस्त्रक्रियेतील कामगिरीने ही नोंद पुसली जात नाही.

त्याच वर्षांत, १९४३ मध्ये, जॉर्ज कांगिलेम या तत्त्वज्ञाने निरोगी आणि रोगी यांतली सीमारेषा कशी ठरते यावर प्रबंध लिहिला. त्यातले एक प्रकरण लरीश यांच्या विचारांवर आहे. अवयव आपले अस्तित्व जाणवू देत नाहीत तोवर माणूस निरोगी असतो, या लरीश यांच्या कल्पनेची चर्चा त्यात आहे. कांगिलेम स्वतः व्हिशीविरोधी भूमिगत लढ्यात होते. माणसाची राजकीय निवड आणि त्याचा विचार यांचा हिशेब त्यांनी वेगळा ठेवलेला दिसतो.

लरीश यांच्या पद्धतीची जागा बायपासने कशी घेतली?

लरीश यांचे नाव आज वैद्यकीय विद्यार्थ्यांना माहीत असते ते एका वेगळ्या आजारामुळे. पोटातली महाधमनी जिथे दोन पायांसाठी दुभंगते, तिथेच ती हळूहळू बंद होणे, याला ‘लरीश सिंड्रोम’ म्हणतात. १९२३ मध्ये त्यांनी याविषयी पहिल्यांदा लिहिले आणि १९४० मध्ये सविस्तर वर्णन केले. बंद पडलेला भाग काढून तिथे रक्ताची वाट पुन्हा जोडणे हाच खरा उपाय, हे त्यांनी १९२३ मध्येच लिहून ठेवले होते. ते करण्याची साधने मात्र तेव्हा नव्हती. रक्त गोठू न देणारे हेपारिन रुग्णालयांत मिळू लागायला अजून बरीच वर्षे होती.

ती साधने आली आणि त्यांच्याच शिष्यांनी गुरूंची पद्धत मागे टाकली. दुश सांतुश यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद धमनी उघडून आतला साका खरवडून काढला. १९४८ मध्ये लरीश यांचे सहकारी जां कुन्लँ यांच्यासमोर एक रुग्ण आला. त्याच्या पायाचे गँगरीन लरीश यांच्या शस्त्रक्रियेनंतरही आटोक्यात आले नव्हते. कुन्लँ यांनी रुग्णाच्याच पायातली शीर घेतली आणि बंद धमनीला वळसा घालून वर-खाली जोडली. पायाची ही शिरेची बायपास पद्धत पुढे जगभर रुजली.

नोव्हेंबर १९५० मध्ये पॅरिसमध्ये जाक उदो यांनी लरीश सिंड्रोमच्या रुग्णाची बंद पडलेली महाधमनी बदलली. त्याच वर्षी जूनमध्ये हेच उदो हिमालयात होते. अन्नपूर्णा शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या फ्रेंच मोहिमेचे ते डॉक्टर. शिखरावरून उतरलेल्या मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल यांची बोटे हिमदंशाने गोठली होती. उदो यांनी तंबूत त्यांच्या धमन्यांमध्ये नोव्होकेनची इंजेक्शने दिली. आवळलेल्या धमन्या सैल कराव्यात आणि जेवढी बोटे वाचतील तेवढी वाचवावीत, हा लरीश यांच्याच विचारसरणीतला उपाय होता. हातपाय वाचले, पण एर्झोग यांची हातापायांची जवळपास सगळी बोटे गेली. परतीच्या वाटेवर, भारतातल्या रेल्वेप्रवासातही, उदो यांना मेलेली बोटे कापावी लागली.

आज बोटांसाठी कोणती शस्त्रक्रिया होते?

रेनोचा साधा त्रास असणाऱ्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. हात आणि अंग गरम ठेवणे, तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण बंद करणे, कंप पावणाऱ्या ड्रिलसारख्या यंत्रांचे काम टाळणे आणि गरजेप्रमाणे निफेडिपिनसारखी धमन्या सैल करणारी औषधे, एवढ्याने भागते. स्क्लेरोडर्मासारख्या आजारामुळे होणारा रेनो मात्र कठीण असतो. त्यात सिल्डेनाफिल, शिरेतून इलोप्रोस्ट, काही ठिकाणी बोटॉक्सची इंजेक्शने वापरतात. एवढे करूनही बोटाच्या टोकाची जखम भरत नसेल, वेदनेने झोप लागत नसेल किंवा बोट काळे पडू लागले असेल, तेव्हा सर्जनचा विचार होतो.

इथे लरीश यांची कल्पना परत आली. अमेरिकी हस्तशल्यविशारद एड्रियन फ्लॅट यांनी १९८० मध्ये धमनी दंडात न सोलता थेट बोटाच्या मुळाशी, सूक्ष्मदर्शकाखाली सोलण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मज्जातंतूंचे धागे वाटेत ठिकठिकाणी मिळत असतील, तर शेवटच्या जोडण्यांपाशीच ते काढायचे, हा यामागचा विचार. वरची चूक खालच्या टोकाला जाऊन दुरुस्त झाली. त्यानंतर इतर सर्जननी तळहातातली धमन्यांची कमान आणि मनगटाच्या दोन्ही धमन्याही सोलायला सुरुवात केली. स्क्लेरोडर्मात धमनीभोवतीचे आवरण जाड होऊन तिला बाहेरून आवळते. ते काढल्याने होणारी सुटका हाही फायद्याचा भाग असतो.

मनगटाजवळची धमनीच बंद असेल, तर शिरेचा तुकडा वापरून बायपास करता येतो. दुर्बिणीतून छातीतली सिम्पॅथेटिक साखळी तोडण्याची शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे. पण साध्या रेनोमध्ये तिचा परिणाम अनेकदा ओसरतो आणि पाठीवर, पोटावर जास्त घाम येण्याचा त्रास मागे राहू शकतो. म्हणून ती निवडक रुग्णांपुरतीच राखली जाते. यातली कुठलीही शस्त्रक्रिया मूळ आजार बरा करत नाही. जखम भरावी, वेदना कमी व्हावी आणि बोट वाचावे, एवढेच तिचे उद्दिष्ट असते.

भारतीय रुग्णांसाठी आणखी एक आजार महत्त्वाचा आहे, बर्जर्स डिसीज. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत तो प्रामुख्याने दिसतो आणि हातापायांच्या लहान धमन्या बंद करतो. आपल्याकडच्या रुग्णालयांत त्यासाठी सिम्पॅथेक्टॉमी वर्षानुवर्षे होत आली आहे. तिने जखम भरायला मदत होऊ शकते. पण तंबाखू सुटली नाही, तर पुढचे बोट जाण्याचा धोका तसाच राहतो.

लरीश यांचे पुढे काय झाले?

१९४५ मध्ये ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवडून आले. १९५१ मध्ये शस्त्रक्रियेच्या तत्त्वज्ञानावर त्यांचे पुस्तक आले. सर्जनने आधी शरीराचे काम कसे चालते ते समजून घ्यावे, मग सुरी उचलावी, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. २८ डिसेंबर १९५५ रोजी भूमध्य समुद्रकाठच्या कासी गावी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र त्यांच्या पश्चात, १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये फ्रान्सच्या टपाल खात्याने नामवंत डॉक्टरांवर तिकिटे काढली, त्यांत शार्ल निकोल यांच्यासोबत लरीशही होते.

दंडातली धमनी सोलण्याची त्यांची शस्त्रक्रिया आज बोटांसाठी कोणी करत नाही. पण वेदनेचे स्वतंत्र उपचार केंद्र, मज्जातंतू आधी बधिर करून पाहण्याची सवय आणि बोटाच्या मुळाशी सूक्ष्मदर्शकाखाली होणारी सिम्पॅथेक्टॉमी, या तिन्हींच्या मुळाशी त्यांचे काम आहे. वाचकांसाठी व्यवहारातली गोष्ट एवढीच. थंडीत दोन मिनिटे पांढरी पडणारी बोटे फारशी घाबरण्यासारखी नसतात. पण एकाच हाताचे बोट वारंवार पांढरे पडत असेल, त्रास तिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला असेल किंवा बोटाच्या टोकाला न भरणारी जखम असेल, तर ते थंडीवर ढकलू नये. बोट काळे पडण्याआधी डॉक्टरांना दाखवले, तर औषध आणि शस्त्रक्रिया दोन्हींचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.